जुन्या ट्रॅक्टराचा मॅग्नेटो

१९२९ सालीं निघालेल्या फोर्डसन एनसारख्या ट्रॅक्टरांस ठिणगी देतो तो मॅग्नेटो. त्यास बॅटरी लागत नाहीं. जुन्या प्रकारांत नालाकृति चुंबकांत तारेचें वेटोळें फिरून वीज उपजते. असा ट्रॅक्टर पडवींत पडून राहिला, कीं चुंबक मेला असें समजून तो प्रथम उघडला जातो. ही घाई नडते. वांगणीसारख्या भरपूर पावसाच्या गांवीं पहिला संशय दमटपणाचा धरावा, असें आमचें शेतकरी बंधूंस सांगणें आहे.

आधीं प्लग पुसून वाळवावा व तडकलेली तार बदलावी. मग पॉइंट बारीक कानसेनें साफ करून फट इंचाच्या हजार भागांपैकीं १२ ते १५ ठेवावी. पॉइंट पुन्हां लवकर जळत असतील तर कंडेन्सर बदलावा. ओलें वेटोळें मंद उष्णतेनें वाळवावें. जाळावर धरूं नये.

एवढ्यानें न भागल्यासच मॅग्नेटो काढावा. तत्पूर्वीं जोडावर खुणा कराव्या. ठिणगीची वेळ चुकल्यास हँडल उलट झटका देतें व मनगट मोडतें. वेटोळें बाहेर काढतांना चुंबकाच्या दोन्ही टोकांवर जाड लोखंडी पट्टी ठेवावी. ती विसरल्यास चांगला चुंबकहि दुर्बळ होतो, आणि दुरुस्तीच बिघाडास कारण होते.