मनीला बाहेर सोडण्यापूर्वी

क्रांती चौक,
छत्रपती संभाजीनगर.

चि. सौ. मृदुला हिस,


तुझे पत्र पोहोचले. घरात येऊ घातलेल्या बाळाची वार्ता वाचून तुझ्या मामीला व मला अतिशय आनंद झाला. परंतु मांजरापासून गर्भास अपाय होतो असे कुणीसे सांगितल्यामुळे तुमच्या मनीची रवानगी हिमायत बागेत करण्याचे घरातील वडीलधाऱ्यांनी मुक्रर केले आहे, असे जे तू पत्राच्या अखेरीस लिहिलेस, त्यासंबंधी तपशिलाने लिहिणे मला अगत्याचे वाटते. ज्याचे आयुष्य प्राणिशास्त्र शिकविण्यात गेले त्याने अशा प्रसंगी मौन राखणे बरे नव्हे. तुझ्या सासूबाईंची भीती निराधार नाही, हे आधीच मान्य करतो. मात्र तिच्यावर त्यांनी योजलेला उपाय तुझे रक्षण करणारा नाही, आणि ज्यांचा या प्रकरणाशी काडीचाही संबंध नाही अशा अनेक मुक्या जीवांना तो बाधणारा आहे.

ज्या परजीवीची ही भीती आहे त्याला टॉक्सोप्लाझ्मा गोंडाय म्हणतात. १९०८ साली ट्युनिस येथे निकोल व मांसो या संशोधकांना तो गुंडी नावाच्या उंदरासारख्या एका प्राण्यात आढळला, आणि त्याच वर्षी ब्राझीलमध्ये स्प्लेंडोरे यांना सशात. परंतु एका प्राण्यातून दुसऱ्यात तो नेमका कसा पसरतो, हे कोडे पुढील साठ वर्षे पुरते उलगडले नव्हते. १९७० च्या सुमारास ते ज्यांनी उलगडले त्यांत, भारतात पशुवैद्यक शिकून परदेशी गेलेले जितेंदर दुबे यांचे नाव आदराने घ्यावे लागते. निष्पन्न झाले ते असे, की पशुपक्ष्यांच्या असंख्य जातींच्या स्नायूंत व मेंदूत हा जीव ठाण मांडू शकतो, पण त्याचे लैंगिक प्रजनन घडते ते केवळ मार्जारकुलाच्या आतड्यात. मग तो मार्जार तुमच्या घरचा असो, गौताळ्याच्या रानातला बिबट्या असो, की मुठीएवढ्या तोंडाची वाघाटी असो. बाधित उंदीर वा पाखरू खाल्ले की मांजराच्या विष्ठेतून आठवडा-दोन आठवडे या जीवाच्या सूक्ष्म पुटी लाखोंच्या संख्येने बाहेर पडतात, आणि त्यानंतर त्या मांजराच्या अंगी प्रतिकारशक्ती येऊन बहुधा हा स्राव थांबतो.

आता तुझ्यापुरते पाहू. गर्भाला धोका संभवतो तो मुख्यत्वे मातेला आयुष्यातील पहिली बाधा गर्भारपणातच झाली तर. ती पूर्वी केव्हातरी होऊन गेलेली असेल तर शरीराने आपला बंदोबस्त आधीच केलेला असतो. म्हणून विनाविलंब डॉक्टरांना भेटून रक्ताची तपासणी करून घे, कारण तिच्या निष्कर्षावाचून पुढचे सारे अंधारातले बोलणे ठरेल. मनीला मांडीवर घेतल्याने बाधा होण्याचा संभव अत्यल्प आहे. ताज्या विष्ठेतील पुटी लागलीच बाधक नसतात. तशा होण्यास त्यांना एक ते पाच दिवस लागतात, आणि म्हणूनच तिचे शौचाचे पात्र रोजच्या रोज, तू नव्हे, तर जावईबापूंनी स्वच्छ करावे. कच्चे वा अर्धवट शिजलेले मांस आणि मातीने माखलेली, न धुतलेली भाजी यांचे भय पाळीव मांजरापेक्षा अधिक धरावे. कुंड्यांतील मातीत हात घालायचा तर हातमोजे घालावे. पाणी उकळून प्यावे. नळाच्या पाण्यात मिसळतात त्या क्लोरीनला या पुटी दाद देत नाहीत, उकळण्याला मात्र देतात.

पाण्याची ही सूचना मी उगाच करीत नाही. २००४-०५ च्या सुमारास कोइम्बतूर येथे या परजीवीने डोळ्यांना बाधा झालेले २४८ रुग्ण काही महिन्यांच्या अवधीत उपचारासाठी आले, आणि त्यांच्या वस्त्यांचा माग काढता संशयाचा रोख शहराला पाणी पुरविणाऱ्या एका जलाशयाकडे वळला. पाळीव मांजर घरात असण्या-नसण्याशी त्या आपत्तीचा हिशेब लागत नाही. जे पाण्यात गेले ते सर्वांच्या घरी पोहोचले.

येथेच मला माझे खरे सांगणे मांडावयाचे आहे. आपण मांजर घराबाहेर काढतो तेव्हा रोग घराबाहेर गेला असे समजतो. वस्तुतः तो आपल्या नजरेबाहेर गेलेला असतो. हिमायत बाग ही मोगलकालीन, जुन्या वृक्षांची जागा आहे. तेथे मुंगूस, खार, घूस, घुबडे आणि नाना जातींचे पक्षी राहतात. घरी दूधपोळीवर वाढलेली मनी तेथे उपाशी राहील, नाहीतर उंदीर-पाखरे मारू लागेल, आणि उंदीर मारू लागली की जी बाधा तिला तुमच्या घरात कदाचित कधीच झाली नसती ती तेथे होईल. या परजीवीची एक करणी तर विलक्षण आहे: बाधित उंदराची मांजराच्या वासाविषयीची उपजत भीतीच तो नाहीशी करतो, असे ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी २००० साली दाखविले आहे. म्हणजे ज्या शिकारीतून मनीला बाधा व्हायची, तीच तिला सर्वांत सोपी सापडणार. पुढे तिने बागेच्या मातीत पुरलेल्या विष्ठेतील पुटी वर्षभर, क्वचित त्याहूनही अधिक काळ तग धरतात. पावसाळ्यात त्या वाहून खाम नदीत उतरतात, आणि खाम शेवटी ज्या नाथसागर जलाशयाला मिळते त्याच नाथसागराचे पाणी, मृदुला, या शहराच्या नळांना येते.

हा केवळ माझा तर्क मानू नकोस. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर समुद्री पाणमांजरे याच परजीवीने दगावली, आणि जमिनीवरील मांजरांच्या विष्ठेतून निघालेल्या पुटी पावसाच्या पाण्याबरोबर समुद्रात गेल्याचा मार्ग शास्त्रज्ञांनी शोधून काढला. हवाई बेटांवरील अलाला नावाचा दुर्मीळ कावळाही याच रोगाला बळी पडला. २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जगभरातील २३८ जातींच्या ४५,०७९ वन्य सस्तन प्राण्यांच्या नोंदी पडताळल्या गेल्या, आणि माणसांची वस्ती जेथे दाट तेथील वन्य प्राण्यांत ही बाधा अधिक, असे त्यातून दिसून आले. वस्ती दाट म्हणजे मोकाट मांजरे अधिक, हे सांगावयास शास्त्रज्ञ नको. आमच्या चौकातल्या उड्डाणपुलाखाली रात्री एक फेरी मारणाऱ्यालाही ते दिसते.

आपल्या महाराष्ट्रात तर रान आणि वस्ती यांची हद्द कित्येक ठिकाणी उरलेलीच नाही. अकोले तालुक्यातील बिबट्यांच्या आहाराचा विद्या अत्रेय व त्यांच्या सहकाऱ्यांनी जो अभ्यास केला आणि २०१४ साली प्रसिद्ध केला, त्यात बिबट्याच्या भक्ष्याच्या वजनापैकी ८७ टक्के भाग पाळीव प्राण्यांचा निघाला. एकट्या कुत्र्यांचा ३९ टक्के, आणि मांजरेही त्या यादीत आहेत. तो अभ्यास आहाराचा होता, रोगाचा नव्हे. तरी जे मांजर बिबट्याच्या पोटात जाते ते आपल्या स्नायूंतील परजीवींसह जाते, आणि बिबट्याही त्याच कुळातला असल्यामुळे तेथे त्या जीवाला पुन्हा घर मिळते. डिसेंबर २०१९ मध्ये सिडकोच्या एन-१ भागात शिरलेल्या बिबट्याला पकडण्यासाठी वनखात्याची जी धावपळ झाली, ती तुला आठवत असेल. आपल्या शहरात रान किती आत येऊन पोहोचले आहे याचा याहून निराळा दाखला नको.

तेव्हा माझा सल्ला एवढाच, की मनीला दूर न करता तिला उंबरठ्याच्या आत आणावे. तुम्ही शहरालगतच्या सातारा परिसरात डोंगराच्या कुशीत राहता आणि ती रात्री भटकते, हे मला ठाऊक आहे; तो परिपाठ आता बंद करावा. खिडक्यांना जाळी बसवावी, तिला शिजवलेलेच अन्न द्यावे, पशुवैद्यांकडून तिची नसबंदी करून घ्यावी आणि जंतांचे औषध वेळच्या वेळी पाजावे. मांजराच्या आतड्यातले गोलकृमीही मातीवाटे इतरांपर्यंत पोहोचतात. जे मांजर शिकार करीत नाही व कच्चे मांस खात नाही, त्याच्याकडून गर्भवतीला जवळजवळ काही धोका नाही.

सासूबाईंशी वाद घालू नकोस. त्यांच्या काळजीत नातवंडाची माया आहे; तिचा मान राखूनच हे पत्र त्यांना वाचून दाखव. उपासमार होईल अशा स्थितीत पाळलेला प्राणी टाकून देणे हा १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमान्वये गुन्हा आहे, हेही जावईबापूंच्या कानी घालावे. एवढे करूनही घरात एकमत न झाल्यास बाळंतपण होईतो मनीला आमच्याकडे पाठव. आमच्या दारेखिडक्यांना जाळी आहे आणि तुझ्या मामीची त्यास आनंदाने संमती आहे.

रक्ततपासणीचा निष्कर्ष हाती येताच कळव, आणि तोवर मनीला दाराबाहेर जाऊ देऊ नकोस.

तुझा,
मामा