द्राक्ष काढणीपूर्व माहिती : रेसिड्यू तपासणारी पट्टी काय सांगते, काय नाही


काढणी जवळ आली की एकच धास्ती, रेसिड्यू निघेल का? बांधावरच रेसिड्यू दाखवणाऱ्या सेन्सरबद्दल बरेच सभासद विचारतात. म्हणून थोडं समजून घेऊ.

*काम कसं चालतं?*
रक्तातली साखर तपासायच्या पट्टीसारखंच. पट्टीवर कार्बनचा थर, त्यावर एक एन्झाइम. ते काम करतं तेव्हा बारीकसा वीजप्रवाह मिळतो. द्राक्षाच्या अर्कात ऑर्गेनोफॉस्फेट (उदा. प्रोफेनोफॉस) किंवा कार्बामेट (उदा. मेथोमिल) असेल तर एन्झाइम जखडतं आणि प्रवाह घटतो. किडीच्या मज्जातंतूतही ही औषधं हेच एन्झाइम जखडतात, म्हणून कीड मरते.

*नॅनो कशाला?*
भाताचा तूस, नारळाची करवंटी, फळांच्या साली कमी हवेत जाळून अतिसूक्ष्म कार्बन बनवता येतो. कण जितका बारीक तितका पृष्ठभाग जास्त, त्यामुळे प्रवाहातला थोडासा फरकही कळतो. कच्चा माल शेतातला, म्हणून पट्टी स्वस्त पडेल अशी आशा आहे. पण हे काम अजून बहुतांशी प्रयोगशाळेतच आहे.

*सावध कुठे राहायचं?*
1. युरोपात ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला 0.01 मिग्रॅ प्रति किलो लागू होते. म्हणजे 10 टन मालात मिळून ग्रॅमचा दहावा भाग! पट्टी इतकं कमी पकडते का, हे आधी विचारा.
2. ही पट्टी औषधाचा गट सांगते, नाव नाही.
3. बहुतेक बुरशीनाशकं आणि संजीवकं तिला दिसत नाहीत. 2010 मध्ये आपली द्राक्षं युरोपात अडकली ती सीसीसीमुळे. ते वाढ रोखणारं संजीवक, कीटकनाशक नव्हेच.

*लक्षात ठेवा :* पट्टीवर काही दिसलं तर काढणी थांबवा. काही दिसलं नाही म्हणून माल 'क्लिअर' समजू नका. निर्यातीसाठी ग्रेपनेटखालील मान्यताप्राप्त लॅबचाच रिपोर्ट चालतो.

तोपर्यंत लेबलवरचा पीएचआय पाळा, प्रत्येक फवारणीची तारीख, औषध आणि डोस त्याच दिवशी वहीत लिहा. यंत्र विकायला कोणी आलं तर पैसे देण्याआधी गटप्रमुखांशी बोला.

हा मेसेज आपल्या फवारणीवाल्यालाही वाचून दाखवा.