गुडघ्याची गादी आणि मांडीचं बळ

निलंग्याच्या शिवारातली काळी माती पावसानंतर पाय सोडत नाही. परतीच्या पावसात सोयाबीनचं पोतं खांद्यावर घेऊन वळलो. पाऊल चिखलात रुतलेलं तसंच राहिलं आणि अंग फिरलं. गुडघ्यातली गादी बहुतेकदा अशीच फाटते. त्याला आता बरीच वर्षं झाली. गुडघा पहिल्यासारखा झाला नाही, होणारही नाही. तरी मी शेतात जातो, कापलेल्या सोयाबीनची बनीम, म्हणजे गंज, लावायला हात देतो. ज्यांना हे दुखणं नुकतंच लागलंय, त्यांच्यासाठी लिहितोय.

त्या रात्री गुडघा टम्म सुजला. चोळायला, शेकायला घरची माणसं मायेनं पुढे आली. पण ताज्या मारावर चोळणं आणि शेक दोन्ही नकोत. पहिले दोन-तीन दिवस कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटं ठेवावा, पाय उशीवर घ्यावा. एक्स-रेत हाड शाबूत दिसलं की सगळे निश्चिंत होतात. पण एक्स-रेत गादी दिसतच नाही. ती दिसते एमआरआयमध्ये.

मला सांगितलं गेलं, आराम करा. तो मी मनापासून केला. सूज उतरली, दुखणं निवलं, तरी चालता चालता गुडघा अचानक दगा द्यायचा. शेवटी एका फिजिओथेरपिस्टनं शिंप्याची टेप घेऊन दोन्ही मांड्या गुडघ्याच्या वर वीतभर अंतरावर मोजल्या. दुखऱ्या पायाची मांडी दीड इंच बारीक भरली. आरामानं स्नायू वाळला होता आणि सगळा भार फाटक्या गादीवर येत होता.

गादीच्या फक्त बाहेरच्या कडेला रक्त पोचतं. आतला भाग फाटला की सहसा जुळत नाही. हाडांच्या टोकांवरच्या कूर्चेत तर रक्तवाहिन्याच नसतात. मांडीचा स्नायू मात्र साठीतही वाढवता येतो. म्हणून सूज उतरली की डॉक्टरांना विचारून व्यायाम लगेच सुरू करा. गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून ती दाबायची, पाच-दहा सेकंद धरायची, सोडायची. मग पाय सरळ ठेवून उचलायचा. पुढे खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठायचं-बसायचं. दुखायचं थांबलं म्हणून हे सोडायचं नाही. लोक नेमके तिथंच सोडतात.

वजनाचंही ऐका. एक किलो कमी झालं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोनं हलका होतो.

२००० साली पंतप्रधान वाजपेयींचा गुडघा बदलायचं ऑपरेशन मुंबईच्या ब्रीच कँडी रुग्णालयात झालं. तेव्हापासून आपल्याकडे गुडघा दुखला की वाट्या बदलायच्या गोष्टी सुरू होतात. फाटलेली गादी हे वेगळं प्रकरण आहे. फिनलंडमधल्या डॉक्टरांनी २०१३ साली १४६ रुग्णांवरचा अभ्यास मांडला. वयानं झिजून फाटलेल्या गादीचा तुकडा दुर्बिणीतून काढणं आणि नुसतं ऑपरेशनचं सोंग करणं, यात वर्षभरानंतर फारसा फरक दिसला नाही. तरुण वयात मारानं फाटलेली गादी मात्र कधी कधी शिवता येते. तिथं वेळ दवडू नये. गुडघा अडकून सरळच होईना, तर लातूरला हाडांचे डॉक्टर गाठा. गुडघा लाल, गरम आणि अंगात ताप असेल, तर त्याच दिवशी.

काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरायची. आपल्याकडे बरेच लोक उलटी धरतात. जिना चढताना चांगला पाय आधी, उतरताना दुखरा आधी. खुरपताना, काढणीला दिवसभर उकिडवं बसणाऱ्या बायाबापड्यांना मी कळकळीनं सांगतो, मधूनमधून उठा, पाय लांब करा. पंगतीत मांडी घालायचा आग्रह झाला तर सरळ खुर्ची मागून घ्या, वयानं लहान असलात तरी.