शेतातील पालट आणि बाळाचे ताट

कोणते पीक पेरावे हा प्रश्न बहुधा पुरुषमंडळी पारावर सोडवितात आणि बाळास काय भरवावे हा प्रश्न घरातील स्त्रियांवर सोपविला जातो. हे दोन प्रश्न निराळे आहेत अशी आपली समजूत असते. परंतु बुलढाणा जिल्ह्याच्या शेतीकडे नीट लक्ष दिले असता ते एकाच प्रश्नाची दोन टोके आहेत असे दिसून येईल. तो संबंध ह्या पाठात आपणांस तपासावयाचा आहे.

१. शेतात काय पालटले?

पूर्वी ह्या मुलुखात कपाशीच्या जोडीस ज्वारी, तूर, मूग व उडीद ही पिके घरोघर असत. ज्वारीचा दाणा माणसांस व कडबा गुरांस मिळे. मूग-उडीद दोन-अडीच महिन्यांत हाती येत. गेल्या सुमारे ४० वर्षांत ज्वारीच्या पुष्कळ जमिनीवर सोयाबीन आले. ह्यात शेतकऱ्याचा अविचार नव्हता. सोयाबीन सुमारे १०० दिवसांत निघते, त्यास बाजार आहे आणि ज्वारीप्रमाणे पाखरांची राखण करावी लागत नाही.

पावसानेही आपली रीत सोडली आहे. ऐन वाढीच्या दिवसांत दीर्घ खंड पडतो आणि काढणीच्या वेळी मुसळधार पाऊस येतो. पक्व झालेल्या मुगाच्या शेंगा भिजल्या म्हणजे झाडावरच दाण्यास कोंब फुटतात. असे दोन-तीन हंगाम गेले की शेतकरी ते पीक सोडून देतो.

२. ताटात काय पालटले?

सोयाबीनच्या दाण्यात प्रथिन शेकडा ४० च्या सुमारास असते, परंतु तो दाणा गिरणीस जातो. तेल बाजारात व पेंड बहुतांशी कोंबड्यांच्या खाद्यात जाते. घरी पैसा येतो, अन्न येत नाही. ज्वारी गेली तेव्हा केवळ भाकर कमी झाली असे नव्हे. कडबा कमी झाला, कडब्यामागून गोठ्यातील गाय गेली आणि गायीमागून बाळाच्या वाटीतील दूध गेले.

आई निंदणीस किंवा कापूस वेचणीस सकाळीच निघते. रडणाऱ्या मुलाच्या हाती ५ रुपयांचा खारट, तळलेला पुडा दिला जातो. त्याने भूक मरते, पण अंग भरत नाही. मग जेवणाच्या वेळी मूल तोंड फिरविते आणि आपण त्यास हट्टी म्हणतो. मूल हट्टी नाही. त्याचे इवलेसे पोट आधीच निकस खाण्याने भरलेले असते.

२०१९ ते २०२१ ह्या काळात झालेल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार महाराष्ट्रात ५ वर्षांखालील दर १०० मुलांपैकी सुमारे ३५ मुले वयाच्या मानाने ठेंगणी व सुमारे ३६ मुले कमी वजनाची आढळली. पहिल्या वर्षांत खुंटलेली वाढ पुढे भरून काढणे फार कठीण असते.

३. साह्य कोठून येते?

१९७५ साली सुरू झालेल्या एकात्मिक बालविकास योजनेतून अंगणवाडीत ३ ते ६ वर्षांच्या मुलांस ताजा आहार मिळतो व त्याहून लहान मुलांसाठी शिधा घरी दिला जातो. हा आहार पूरक आहे. घरच्या जेवणात भर घालणे हे त्याचे काम. घरच्या जेवणाची जागा तो घेऊ शकत नाही.

शेतीसाठी २०१८ साली जागतिक बँकेच्या साह्याने नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प सुरू झाला, त्यात हा जिल्हाही आहे. त्याच साली भारतीय जैन संघटनेच्या साह्याने जिल्ह्यातील तलावांतून गाळ काढण्याचे मोठे काम आरंभिले गेले. ही कामे मोलाची आहेत. मात्र साठविलेल्या पाण्यातील काही भाग बाळाच्या ताटापर्यंत पोहोचतो की नाही, हे सरकार पाहणार नाही. ते आपणच पाहिले पाहिजे.

४. आपण काय करावे?

(क) सोयाबीनमध्ये तुरीच्या ओळी घ्याव्या व शेताचा एक तुकडा घरच्या ज्वारी-मुगासाठी राखावा. रुंद वरंब्यावर पेरणी केल्यास जादा पाणी सरीतून निघून जाते व खंडात ओल टिकते.

(ख) परसात शेवगा लावावा. तो थोड्या पाण्यावर जगतो. पूर्णाकाठच्या खारपाणपट्ट्यात विहिरीचे पाणी भाजीस सोसत नाही; तेथे पावसाचे साठविलेले पाणी वापरावे.

(ग) कामावर निघण्यापूर्वी मुलास जेवू घालावे व दिवसातून पाच वेळा थोडे थोडे द्यावे. ज्वारीच्या कण्या, वरणात कुस्करलेली भाकर, उकडलेले अंडे, शेवग्याची भाजी हे उत्तम होय. शेंगदाणे कुटूनच द्यावे; अख्खा दाणा लहानग्याच्या घशात अडकतो.

(घ) दरमहा अंगणवाडीत वजन करून घ्यावे.

ज्यांस जमीनच नाही त्यांनी तुकडा कोठून राखावा? ह्याचे उत्तर जमीनवाल्या शेजाऱ्याने द्यावयाचे आहे. मजुराची पुरी मजुरी रोख चुकवून, खळ्यावरून त्याच्या लेकरांसाठी पायलीभर तूर वा ज्वारी दिली तर आपली कणगी रिकामी होणार नाही.

विचारण्याजोगे प्रश्न

१. गेल्या हंगामात आपल्या शेतातील कोणता जिन्नस आपल्या मुलाच्या ताटात आला?
२. पुड्यांवर आठवड्यास किती रुपये जातात? तेवढ्यात किती अंडी येतील?
३. आपल्या गावात कोणाचे लेकरू वजनात मागे आहे, हे आपणांस ठाऊक आहे काय?