क्षयजंतूचा श्वास आणि तळपायाच्या मुंग्या

वैद्यकीय शिक्षणाच्या पहिल्या वर्षी इलेक्ट्रॉन-वहन साखळी आपण सर्वांनी पाठ केली आणि परीक्षेनंतर विसरलो. मीही त्यास अपवाद नव्हतो. आदिलाबाद जिल्ह्यातील पैनगंगेकाठच्या एका शेतमजुराने मला तो धडा पुन्हा उघडावयास लावला.

औषधांना न जुमानणाऱ्या क्षयावर त्याचे उपचार चालू होते. ऐन कापूस वेचणीत तो आला व म्हणाला, "डॉक्टरसाहेब, तळपायाला मुंग्या येतात. गोळ्या बंद करू का?" कामावर जाण्याची ही सबब असावी, असे मला क्षणभर वाटले.

आपल्या मायटोकॉन्ड्रियात, तसेच जंतूच्या पेशीपटलात, अन्नातून निघालेले इलेक्ट्रॉन एका वाहकाकडून दुसऱ्याकडे पायरीपायरीने उतरत अखेर ऑक्सिजनला मिळतात. त्या ऊर्जेने प्रोटॉन पटलापलीकडे ढकलले जातात. ते परतताना एटीपी सिंथेज नावाचे सूक्ष्म चाक फिरवितात आणि एटीपी तयार होते. धरणाच्या पाण्याने जनित्र फिरावे, तसेच हे.

मात्र काही भेद आहेत. ऑक्सिजनपाशी पोहोचण्याचा आपला दरवाजा एकच; क्षयजंतूचे दोन. मुख्य मार्ग अडला तर सायटोक्रोम बीडी या आडवाटेने तो इलेक्ट्रॉन नेतो. फुफ्फुसातील गाठीत ऑक्सिजन कमी पडला की तो वाढ थांबवून सुप्त राहतो व अनेक औषधांना दाद देत नाही. परंतु निद्रिस्तालाही श्वास चुकत नाही.

बेडाक्विलिन याच ठिकाणी घाव घालते. ते जंतूच्या एटीपी सिंथेजचे चाक रोखते. त्यामुळे सुप्त जंतूही ऊर्जेविना मरतो. हा शोध २००५ साली प्रसिद्ध झाला, २०१२ मध्ये अमेरिकेत त्यास मान्यता मिळाली व २०१६ साली ते भारताच्या क्षयरोग कार्यक्रमात आले. बेडाक्विलिन, प्रिटोमॅनिड, लिनेझोलिड व मॉक्सिफ्लॉक्सासिन यांच्या सुमारे सहा महिन्यांच्या 'बीपाल्म' उपचारास केंद्र शासनाने २०२४ मध्ये मान्यता दिली.

आता त्या मुंग्यांकडे वळू. मायटोकॉन्ड्रिया हे प्राचीन जंतूंचेच वंशज; त्यांची प्रथिने घडविणारी यंत्रणाही जंतूंसारखीच. लिनेझोलिड जंतूबरोबर तीही मंदावते आणि आपल्याच श्वसनसाखळीचे काही भाग अपुरे पडतात. हातापायांच्या नसा, अस्थिमज्जा व दृष्टीची नस यांना त्याची झळ लागते. म्हणून मुंग्या, फिकेपणा किंवा अंधुक दृष्टी या तक्रारींना सबब समजू नये. बेडाक्विलिन चालू असता ईसीजीही पाहावा, कारण त्याने क्यूटी अंतर वाढू शकते.

तथापि रुग्णाने गोळ्या परस्पर सोडू नयेत. बेडाक्विलिन शरीरात कित्येक महिने रेंगाळते. बाकीची औषधे निघून गेल्यावर ते एकटे उरते आणि जंतूला प्रतिकार शिकण्यास सवड मिळते. मात्रा कमी करावी की लिनेझोलिड थांबवावे, हे उपचारकेंद्रानेच ठरवावे.

माझ्या रुग्णास मी त्याच दिवशी तेथे पाठविले. मात्रा बदलली, उपचार पूर्ण झाले, थुंकी निर्जंतुक झाली. तळपायाचा थोडा बधिरपणा मात्र राहिला आहे. तो दोन आठवडे आधी आला असता, किंवा त्याआधी मीच त्याला विचारले असते, तर कदाचित तोही टळला असता.