ड्रायर फिरतो, पण कपडे ओलेच

ड्रम फिरतोय, आवाज नेहमीचाच, पण तासाभराने टॉवेल काढावेत तर ओले आणि गार. अमेरिकेत गॅस ड्रायरची ही अगदी नेहमीची तक्रार. टेक्निशियन बोलावला की नुसतं येऊन पाहण्याचेच साधारण ७५ ते १५० डॉलर लागतात. न्यू जर्सी किंवा बे एरियासारख्या महागड्या भागांत आकडा वरच्या टोकाला गेला तर नवल नाही. म्हणून फोन करण्याआधी अर्धा तास स्वतः घालवावा. दुरुस्ती जमली नाही तरी बिघाड कुठे आहे याचा अंदाज येतो, आणि अंदाज असलेल्या गिऱ्हाइकाला कोणी उगाच कंट्रोल बोर्ड बदलायला सांगत नाही.

गॅसचा वास येत असेल तर मात्र यातलं काहीही करू नका. दिव्याचं बटणसुद्धा न दाबता घराबाहेर पडा आणि बाहेरून गॅस कंपनीला फोन लावा. गळती तपासायला कंपनी सहसा पैसे घेत नाही.

वास नसेल तर आधी फुकटातल्या गोष्टी बघा. ड्रायर ‘एअर फ्लफ’वर, म्हणजे गार हवेवर, राहिलेला नाही ना? मशीनमागच्या गॅसच्या पाइपवर कॉक असतो. त्याचा दांडा पाइपच्या रेषेत असला तर चालू, आडवा असला तर बंद. नव्या घरात सामान लागल्यावर किंवा मागची साफसफाई झाल्यावर तो उघडायचा राहून जातो. शेगडीही गॅसवर असेल तर ती पेटवून बघा. तीही पेटत नसेल तर दोष ड्रायरचा नाहीच. ‘ब्रेकर अर्धा पडला असेल’ हा सल्ला हमखास मिळतो, पण तो विजेच्या ड्रायरसाठी आहे. त्याला २४० व्होल्ट लागतात आणि त्यातली एक बाजू गेली तरी ड्रम फिरत राहतो. गॅसचा ड्रायर १२० व्होल्टच्या साध्या प्लगवर चालतो. त्याची वीज गेली तर तो फिरणारही नाही.

आता व्हेंट. माझ्या मते निम्मी दुखणी इथेच सुरू होतात. दर खेपेला जाळीवरचा लिंट काढूनही जाळी तुंबलेली असू शकते, कारण ड्रायर शीटचा मेणचट थर डोळ्यांना दिसत नाही. जाळी नळाखाली धरा. पाणी आरपार न जाता वर साचलं, तर साबण लावून जुन्या टूथब्रशने घासा. मग ड्रायर चालू ठेवून घराबाहेर जा आणि भिंतीवरचं व्हेंटचं झाकण हवेच्या जोराने उघडतंय का ते बघा. नुसतं थरथरत असेल तर डक्ट तुंबला आहे. डक्ट चार इंची, धातूचा आणि शक्यतो सरळ हवा. प्लास्टिकची किंवा चंदेरी फॉइलची चुण्यांची नळी असेल तर ती आजच काढून टाका. आत साठलेला लिंट पेट घेतो. अमेरिकेत ड्रायरमुळे घरात लागणाऱ्या आगींची सरकारी आकडेवारी वर्षाला सुमारे २,९०० आहे आणि सफाई न करणं हे त्यातलं सर्वांत मोठं कारण. शिवाय गॅसच्या ड्रायरच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, त्यामुळे ती हवा घरात सोडायची नाहीच. व्हेंट साफ करून घ्यायला १०० ते २०० डॉलर पडतात. लांब दांड्याचा ब्रश पंचवीस-तीस डॉलरला मिळतो आणि डक्ट आखूड असेल तर तेवढा पुरतो.

इथवर सगळं ठीक निघालं तर बर्नरकडे बघायचं. बऱ्याच मॉडेलांत खालची पट्टी निघते. काहींत पुढचा अख्खा पत्रा काढावा लागतो, आणि तसं असेल तर इथेच थांबून टेक्निशियनला बोलावलेलं बरं. पट्टी निघत असेल तर आधी प्लग काढून ती काढा, मग प्लग लावा, खोलीत अंधार करा आणि ड्रायर गरम सेटिंगवर सुरू करा. हात आत घालू नका, मुलांना लांब ठेवा. इग्नायटर नावाची छोटी कांडी टोस्टरच्या तारेसारखी लाल-केशरी होते, मिनिटभरात कट्‌ असा आवाज येतो, गॅस सुटतो आणि निळी ज्योत फुरफुरते. बिघाड असेल तर ही साखळी कुठे तुटते ते दिसतं.

कांडी तापली, विझली, कट्‌ वाजलं, पण ज्योत नाही: हे गॅस व्हॉल्व्हच्या कॉइलचं काम. पहिला घाणा नीट वाळतो आणि दुसरा ओला राहतो, हेही बहुधा तिचंच लक्षण; गार असताना कॉइल चालते, तापली की दम सोडते. कॉइलचा जोड १५ ते ४० डॉलरला मिळतो, टेक्निशियनकडून बसवून घेतला तर १५० ते २५० डॉलर. कांडी विझतच नाही आणि ज्योतही येत नाही, तर फ्लेम सेन्सर. तो १० ते ३० डॉलरचा. कांडी लालच होत नसेल तर ती तुटली असेल किंवा थर्मल फ्यूज अथवा थर्मोस्टॅट गेला असेल. प्लग काढून वीस डॉलरच्या मल्टिमीटरने तपासता येतं: चांगला फ्यूज जवळजवळ शून्य ओहम दाखवतो, तुटलेली कांडी काहीच दाखवत नाही. नवी कांडी २० ते ५० डॉलरला. बसवताना तिला बोट लावू नका, चिनी मातीच्या बुडाला धरा. ती काचेहून नाजूक असते.

फ्यूज पाच-पंचवीस डॉलरचा, पण तो स्वतःहून क्वचितच जातो. हवा कोंडली, आत तापलं, म्हणून तो उडतो. फ्यूज बदलून व्हेंटकडे न बघताच निघणाऱ्या टेक्निशियनला दारात अडवून विचारा, ‘का उडाला?’ सुटे भाग आणि मजुरीवर किती दिवसांची हमी, हेही बिलावर लिहून घ्या. नव्वद दिवस ही बऱ्याच ठिकाणी पद्धत आहे.

गॅसचा व्हॉल्व्ह, पाइप, बर्नरची जोडणी यांना स्वतः हात लावू नका. मॅसॅच्युसेट्समध्ये तर हे काम परवानाधारक प्लंबर किंवा गॅसफिटरनेच करायचं असा नियम आहे. घर भाड्याचं आणि ड्रायर मालकाचा असेल तर स्क्रूड्रायव्हरही उचलू नका. तक्रार लेखी करा.

तोवर लाँड्रोमॅटला जाणं आलंच. भारतातून आलेले आई-बाबा डेकवर दोरी बांधायला सुचवतात आणि होमओनर्स असोसिएशनला ती खपत नाही. फ्लोरिडा आणि कॅलिफोर्नियात मात्र कपडे वाळत घालण्याच्या हक्काला कायद्याचा आधार आहे, तेव्हा नियमावली एकदा वाचून बघा.

ड्रायर दहा-बारा वर्षं चालला असेल आणि कंट्रोल बोर्ड किंवा अख्खा व्हॉल्व्ह गेला असेल, तर तीनशे-चारशे डॉलर त्यात घालू नयेत. नवा गॅस ड्रायर साधारण ७०० ते १,२०० डॉलरला मिळतो, त्याच मॉडेलच्या विजेच्या ड्रायरपेक्षा शंभरेक डॉलर महाग. घरात प्रोपेन असेल तर नॅचरल गॅससाठी आलेलं मशीन प्रोपेनवर चालेल असं करून घ्यावं लागतं. त्याचं किट वेगळं विकत घ्यावं लागतं. जुनी लवचिक गॅसनळी पुन्हा वापरू देऊ नका, नवी वीस-चाळीस डॉलरची असते. आणि जोडणी झाल्यावर साबणाचं पाणी लावून, बुडबुडे येत नाहीत हे तुमच्यासमोर दाखवायला सांगा.