चौकटीची मागची बाजू

पुष्कळ घरांत सोप्याच्या भिंतीवर भरतकामाची एखादी चौकट असते. तीत मोर असतो, कमळ असते, नाहीतर 'सुस्वागतम्' अशी अक्षरे असतात. कुणी ती रुखवतासाठी भरलेली असते, तर कुणी बाळंतपणाला माहेरी आल्यावर. एकेका चौकटीत दोन-दोन महिन्यांच्या दुपारी गेलेल्या असतात. कित्येक बायांना तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हते. त्यांनी मॅटीच्या कापडाची घरे मोजली आणि फुलीच्या टाक्याने अक्षरे भरली. अक्षर वाचता येत नव्हते, पण टाका चुकला नाही.

अशी एखादी वीस-पंचवीस वर्षांची चौकट जवळ जाऊन पाहा. पांढरे कापड पिवळे पडलेले दिसते. कडेला तांबूस डाग असतात. काचेला चिकटलेल्या भागावर बुरशीचे काळे ठिपके असतात. आपण म्हणतो, "जुनं झालं, चालायचंच." पण पेटीत नीट घडी घालून ठेवलेले आजीचे लुगडे त्याहून जुने असते आणि तरी चांगले राहते. तेव्हा दोष वयाचा थोडा असतो. खरा दोष चौकटीत काय घातले त्याचा असतो.

कापडाला जे टेकते, तेच कापडाला खाते. ही गोष्ट नीट ध्यानात धरली की बाकीचे सोपे आहे.

पुठ्ठा

भरतकामाच्या मागे बहुधा तपकिरी पुठ्ठा घालतात. हा पुठ्ठा गवत, पेंढा आणि रद्दी यांच्या लगद्याचा असतो. गवतात आणि लाकडात लिग्निन नावाचे द्रव्य असते. हवा आणि उजेड लागला की ते पिवळे पडते. शिवाय अशा पुठ्ठ्यात आम्ल तयार होते. आम्ल म्हणजे आंबट द्रव्य. ते हळूहळू कापडात उतरते. मग कापड पिवळे होते, ठिसूळ होते आणि एक दिवस बोट लावताच फाटते. प्लायवूड आणि भुशाची फळी यांतूनही असेच आम्ल सुटते.

कापसात लिग्निन जवळजवळ नसतेच. म्हणून सुती चिंध्यांचा कागद फार वर्षे टिकतो. पुण्यात १९४० साली गांधीजींच्या प्रेरणेने हातकागद संस्था निघाली, तिथे अशाच चिंध्यांपासून कागद करण्याचे काम सुरू झाले. आपल्याला मागे घालायला सुती लगद्याचा किंवा आम्ल नसलेला पुठ्ठा हवा. दुकानात त्याला 'अ‍ॅसिड-फ्री' म्हणतात. तो चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात मिळतो. पुठ्ठ्यावर स्वच्छ धुतलेले पांढरे मांजरपाट ताणून बसवावे आणि त्यावर भरतकाम ठेवावे.

माउंट

काच आणि भरतकाम यांच्यामध्ये खिडकी कापलेला पुठ्ठा घालतात. दुकानदार त्याला माउंट म्हणतात. लोकांना वाटते, हा शोभेसाठी असतो. शोभा तर येतेच, पण त्याचे मुख्य काम काच कापडापासून दूर ठेवणे हे आहे. पावसाळ्यात काचेला आतून दमट हवेचा ओलावा धरतो. कापड काचेला चिकटलेले असले तर तो ओलावा कापड पिते आणि तिथे बुरशी धरते.

माउंटसुद्धा आम्ल नसलेलाच हवा, कारण तोही कापडाला टेकतो. स्वस्त माउंटची कापलेली कड काही वर्षांनी तपकिरी होते. जुन्या तसबिरी पाहिल्या म्हणजे हे कळेल. रंग पांढरा किंवा सायीसारखा घ्यावा. भडक रंगाचा माउंट भरतकामाला झाकोळतो आणि ओल लागली तर त्याचा रंगही सुटतो.

साध्या दोऱ्याच्या कामाला एक माउंट पुरतो. मणीकाम, लोकरीचे काम किंवा उठावाचे टाके असले तर पुरत नाही. तिथे चौकटीच्या कडेखाली, दिसणार नाही अशी, पुठ्ठ्याची जाड पट्टी चारी बाजूंनी बसवून घ्यावी. सर्वांत उंच मणी आणि काच यांच्यात निदान ३ मिलिमीटर मोकळी जागा राहिली पाहिजे.

डिंक नको, टाका घ्या

कापड पुठ्ठ्याला चिकटवू नये. डिंक पुढे पिवळा पडतो. खळीला कसर लागते. चिकटपट्टीचा गोंद कापडात मुरतो आणि मग निघत नाही. लोखंडी चुका आणि टाचण्या गंजतात.

त्याऐवजी भरायला बसतानाच चारी बाजूंनी २ ते ३ इंच कापड जास्त ठेवा. ते पुठ्ठ्यावरून मागे दुमडा. मग मजबूत सुती दोऱ्याने मागून समोरासमोरच्या दोन कडा ओढून घ्या, खाट विणतात तशा. सुरुवात मधून करा आणि कोपऱ्यांकडे जा. आधी दोन बाजू, मग उरलेल्या दोन. जास्तीचे कापड कापू नका. उद्या चौकट बदलायची झाली तर दोरा उसवला की काम जसेच्या तसे हाती येते.

त्याआधी भरतकाम धुतलेले असावे. हाताचा घाम आणि तेल आज दिसत नाही, पण पुढे पिवळे डाग होऊन वर येते. लाल आणि काळा दोरा रंग सोडतो का, ते आधी पाहा. मागच्या बाजूने ओला पांढरा बोळा दाबून धरा. रंग लागला तर धुऊ नका. रेशीम आणि जर असेल तरीही धुऊ नका, मऊ ब्रशने धूळ तेवढी झाडा. बाकीचे काम सौम्य साबणाने धुऊन, भरपूर पाण्यात खंगाळून सावलीत वाळवा. उलटे ठेवून, खाली जाड टॉवेल घालून इस्त्री करा. खळ घालू नका.

दुकानात काय सांगाल?

दुकानदार म्हणेल, "ताई, मागचं कोण बघतंय? साधा पुठ्ठा घालतो, स्वस्तात होईल."

त्याच्यावर रागावू नका. तो रोज कागदी चित्रे मढवतो. चित्र खराब झाले तर दुसरे मिळते. तुम्ही म्हणा, "दादा, हे दुसरं मिळणार नाही. पुठ्ठा आणि माउंट अ‍ॅसिड-फ्री लावा. काच कापडाला टेकू देऊ नका. चिकटवू नका, आम्ही टाके घालून आणलंय." एवढी वाक्ये पुरेत. पैसे कमी असतील तर चौकटीची पट्टी साधी घ्या. नक्षीची पट्टी नसली तरी काम टिकते, पुठ्ठा वाईट असला तर टिकत नाही.

चौकट घरी आली की बाहेरच्या, पाऊस मारणाऱ्या भिंतीवर लावू नका, आतल्या भिंतीवर लावा. खालच्या दोन कोपऱ्यांमागे बुचाचे तुकडे चिकटवा, म्हणजे मागे हवा खेळते. ऊन येते तिथे, चुलीवर किंवा देवघराच्या धुराजवळ लावू नका. उडालेला रंग पुन्हा आणता येत नाही. दसऱ्याच्या झाडलोटीत चौकट उतरवून मागची बाजू पाहा.

शेवटचे काम

चौकट बंद करण्याआधी आम्ल नसलेल्या कागदाची एक चिठ्ठी घ्या. तीवर शिसपेन्सिलीने लिहा: कुणी भरले, कोणत्या गावी, कोणत्या साली. शाई ओलीने पसरते, शिसपेन्सिल पसरत नाही. ही चिठ्ठी पुठ्ठ्याच्या मागे ठेवा, कापडाला लावू नका.

घराच्या कागदावर, शेताच्या उताऱ्यावर बहुतेक बायांचे नाव नसते. निदान स्वतःच्या हाताच्या कामामागे तरी ते असावे. पणतीने चौकट उघडली तर तिला कळले पाहिजे, हा मोर कुणाचा.

करून पाहा

१. वर्तमानपत्राचा एक तुकडा आणि सुती कापडाचा एक तुकडा आठ दिवस उन्हात ठेवा. कोणता पिवळा पडला? का?

२. घरातली जुनी चौकट उतरवा. काच कापडाला टेकली आहे का? मागे काय घातले आहे? वहीत लिहा.

३. वर सांगितलेली चिठ्ठी आपल्या हाताने लिहा. घरात आई किंवा सासूचे भरतकाम असेल तर तिला विचारून तिच्या नावाचीही लिहा.